माउंटन बाइकचे सुटे भाग : निवड, मापे आणि अदलाबदल

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मधोमध मांडवीचा चौकोनी मंडप उभा आहे. त्याच्या प्रत्येक बाजूस तीन कमानी असून तेथून निघणारे चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडे जातात. गायकवाडांच्या काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या या परिसरातील अरुंद पोळांमध्ये सायकल हे आजही सोयीचे वाहन आहे. आठवडाभर याच गल्ल्यांतून फिरणारी सायकल रविवारी सुमारे ५० किलोमीटरवरच्या पावागडाकडे नेता येते. शहर सपाट, तर गड ८०० मीटरहून उंच. गोमंतकीय वाचकाला मांडवी म्हटले की नदी आठवते. पण तिच्या काठावरून चोर्ला किंवा अनमोड घाटाकडे निघणाऱ्या सायकलस्वारापुढचा प्रश्न बडोदेकरापुढच्या प्रश्नाहून वेगळा नाही. दुकानात ‘माउंटन बाइक’ म्हणून मिळालेली सायकल आपल्या वाटेला योग्य आहे का, आणि नसेल तर तिचा नेमका कोणता भाग बदलावा?

या प्रश्नाचे उत्तर चुकले तर दोन प्रकारे नुकसान होते. न बसणारा भाग घरी पडून राहतो आणि पैसे वाया जातात; किंवा बसतो असे वाटणारा भाग उतारावर दगा देतो. म्हणूनच सुट्या भागांची निवड ही आवडीपेक्षा मापांची गोष्ट आहे.

अदलाबदलीतूनच जन्मलेले वाहन

माउंटन बाइकचा इतिहासच सुट्या भागांच्या अदलाबदलीने सुरू होतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत असत. १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या प्रसिद्ध शर्यतीचे नाव ‘रीपॅक’ असे होते. उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. मग कोणी त्या सायकलींना गिअर बसवले, कोणी मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी याच कामासाठी खास चौकट तयार केली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकणारी कंपनी काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजम्पर’ मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि १९८२ मध्ये शिमानोने डोंगरी सायकलींसाठी ‘डिओरे एक्सटी’ हा भागांचा संच काढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

सुरुवातीच्या काळात जवळजवळ कोणताही भाग कोणत्याही चौकटीला बसवता येत असे. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली मापे रूढ केली. त्यामुळे आज भाग घेण्याआधी व्हर्निअर कॅलिपर हाती घेणे आवश्यक झाले आहे.

आधी चौकट, मग बाकीचे

चौकट म्हणजे सायकलचा सांगाडा. तो बदलत नाही, म्हणून त्याची मापे हीच मर्यादा ठरते. भाग खरेदी करण्यापूर्वी पुढील मापांची एका कागदावर नोंद करावी.

पहिले माप चाकाचे. २६, २७.५ आणि २९ इंच ही केवळ नावे आहेत. टायर रिमवर जेथे बसतो तो व्यास अनुक्रमे ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर असतो, आणि हाच आकडा खरा. टायरच्या कडेवर ‘५७-५८४’ असे छापलेले असते. त्यातील पहिला आकडा रुंदीचा आणि दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही. पहिला आकडा वाढवायचा असेल तर चौकट आणि टायर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर जागा उरते का, हे पाहावे. गोव्यातील पावसाळी लाल चिखल एवढी जागा सहज भरून काढतो.

दुसरे माप चाकाच्या अक्षाचे. साध्या सायकलींत पुढच्या हबची रुंदी १०० आणि मागच्या हबची १३५ मिलिमीटर असते. नव्या सायकलींत आरपार जाणारा जाड अक्ष असतो : पुढे १५ मिलिमीटर जाडीचा आणि १०० किंवा ११० रुंदीचा, मागे १२ मिलिमीटर जाडीचा आणि १४२ किंवा १४८ रुंदीचा. चौकट ताणून वा दाबून या मापांची तडजोड करू नये. ॲल्युमिनियमची चौकट त्याने तडकते.

तिसरे माप सीटच्या दांड्याचे. २७.२, ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही येथे चालत नाही. बारीक दांडा खाली घसरत राहतो आणि जाड दांडा जबरीने घातल्यास अडकून बसतो. हँडल जेथे आवळले जाते तेथील माप २५.४, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर असते. मुठी आणि ब्रेकचे दांडे बसण्याची जागा मात्र माउंटन बाइकच्या सगळ्या हँडलांवर २२.२ मिलिमीटरचीच असते. त्यामुळे मुठी आणि ब्रेकचे दांडे निर्धास्तपणे अदलाबदल करता येतात.

चौथी बाब आट्यांची. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. इंग्रजी पद्धतीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलांचा अक्ष ज्या नळीत फिरतो तेथे, उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे खराब करण्याचे प्रकार नेहमी घडतात, आणि चौकटीतील आटे गेले की दुरुस्ती महाग पडते.

ब्रेक : सर्वांत आधी

पैसे मर्यादित असतील तर ते प्रथम ब्रेक आणि टायर यांवर खर्च करावेत. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो वजन धरले तर १०० मीटर उंची उतरताना सुमारे ८८ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. वेग वाढू दिला नाही तर तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. एवढ्या उष्णतेने पाव लिटर पाणी उकळीला येईल. पावागडच्या माचीपासून उतरणाऱ्या किंवा चोर्ला घाट संपवणाऱ्या सायकलच्या ब्रेकला काय सोसावे लागते, याची यावरून कल्पना यावी.

रिमवर आवळणारा व्ही-ब्रेक हलका, स्वस्त आणि कोणालाही दुरुस्त करता येण्याजोगा असतो. मांडवीच्या गर्दीत किंवा पणजीच्या रस्त्यावर तो पुरेसा आहे. पण पाऊस आणि चिखल यांत त्याची पकड कमी होते, आणि चिखलातील वाळू रिम झिजवते. तारेने चालणारा डिस्क ब्रेक पावसात अधिक भरवशाचा असतो. तेलाच्या दाबाने चालणाऱ्या डिस्क ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो आणि पॅड झिजले तरी तो बऱ्याच अंशी स्वतःच जुळवून घेतो.

व्ही-ब्रेकवरून डिस्कवर जाताना तीन गोष्टी लागतात : चौकटीवर आणि फोर्कवर, म्हणजे पुढच्या चिमट्यावर, कॅलिपर बसवण्याची जागा, डिस्क बसेल असा हब, आणि स्वतः ब्रेक. यांपैकी पहिली नसेल तर पट्ट्या जोडून जुगाड करू नये. ब्रेक लावताना त्या जागी येणारा ताण चौकटीच्या नळीला सोसवत नाही. डिस्क हबला सहा बोल्टांनी किंवा मधल्या एका कड्याने बसते. या दोन पद्धतींपैकी आपल्या हबची कोणती, हे आधी पाहावे.

डिस्कचा व्यास १६० वरून १८० मिलिमीटर केला तर तितक्याच दाबात ब्रेकचा जोर सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढतो आणि उष्णता पसरायला धातूही अधिक मिळतो. त्यासाठी योग्य ॲडॅप्टर लागतो. फोर्क आणि चौकट बनवणाऱ्याने सांगितलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. काही स्वस्त डिस्कवर केवळ रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. तेथे धातुमिश्रित पॅड लावले तर डिस्क लवकर झिजते.

तेलाबाबत तडजोड मुळीच नको. शिमानो आणि टेक्ट्रो यांच्या ब्रेकमध्ये खनिज तेल असते, तर स्रॅमच्या बहुतेक जुन्या ब्रेकमध्ये डॉट द्रव असतो. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतील रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. डॉट द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे गोव्याच्या दमट हवेत तो नियमित बदलणे अधिक गरजेचे ठरते.

तारेच्या ब्रेकबाबत एक धोक्याची सूचना. गिअरच्या तारेचे बाह्य आवरण आणि ब्रेकच्या तारेचे आवरण वरून सारखेच दिसते. पण गिअरच्या आवरणातील पोलादी धागे लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकचा दाब पडताच ते फुटून बाहेर येऊ शकतात. ब्रेकला ब्रेकचेच आवरण लावावे.

टायर : थोड्या खर्चात मोठा फरक

माउंटन बाइकचे जाड गाठींचे टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतात आणि वेग खातात. ज्यांचा बहुतेक प्रवास शहरात होतो त्यांनी मधोमध गुळगुळीत आणि कडेला गाठी असलेले टायर घ्यावेत. पूर्ण रस्त्यावरच चालवणाऱ्याने दीड ते पावणेदोन इंच रुंदीचे गुळगुळीत टायर घ्यावेत. गिअर, हब किंवा फोर्क यांना हात न लावता सायकल हलकी वाटू लागते.

जांभ्या दगडाच्या वाटेवर मात्र उलट हिशेब असतो. कोरडा जांभा खरखरीत असल्याने चांगली पकड देतो. ओला, शेवाळलेला जांभा काचेसारखा होतो. तेथे रुंद टायर आणि कमी हवा उपयोगी पडते. मध्यम वजनाच्या स्वारासाठी कच्च्या वाटेवर २५ ते ३५ आणि रस्त्यावर ४० ते ५० पौंड दाब साधारणपणे ठीक असतो. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र अंतिम मानावी.

बडोद्याच्या आसपासच्या वाटांवर बाभळीच्या काट्यांचा उपद्रव असतो. तेथे ट्यूबविरहित टायर आणि आत भरलेले सीलंट यांचा फायदा होतो. लहान छिद्र आपोआप बुजते. त्यासाठी टायर आणि रिम दोन्ही त्या पद्धतीला योग्य असावे लागतात, आणि सीलंट काही महिन्यांत सुकत असल्याने पुन्हा भरावे लागते.

गिअर : एकवीसचे आठ का करावेत?

परवडणाऱ्या किमतीच्या माउंटन बाइकला बहुधा एकवीस गिअर असतात : पुढे तीन चकत्या आणि मागे सात. पुढच्या चकत्यांना सामान्यतः ४२, ३४ व २४ दात असतात, आणि मागे १४ ते २८. यातील सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६ येतो, सर्वांत जड ४२ भागिले १४, म्हणजे ३.०.

आता पुढे ३२ दातांची एकच चकती आणि मागे ११ ते ४२ दातांची आठ, नऊ किंवा दहा चकत्यांची कॅसेट लावली तर हलका गिअर ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६ आणि जड ३२ भागिले ११, म्हणजे २.९१ होतो. चढावर पहिल्याहून सोपा गिअर मिळतो, सपाटीवर फारसे काही गमावत नाही, आणि पुढचा डिरेलर, त्याची तार व त्याचा खटका हे तीन भाग कायमचे कमी होतात. एकवीस गिअरांतील बरेचसे एकमेकांच्या इतके जवळ असतात की संख्या कमी होऊनही स्वाराला त्रास होत नाही.

पण हा बदल एका भागाचा नव्हे. सात गिअरांच्या सायकलला मागे बहुधा आट्यांवर बसणारे फ्रीव्हील असते. कॅसेटसाठी वेगळा हब लागतो, म्हणजे जवळजवळ नवे चाकच. मागचा डिरेलर ४२ दातांची चकती सोसणारा हवा. त्याची दुसरी मर्यादा म्हणजे एकूण क्षमता : पुढच्या मोठ्या व लहान चकतीतील फरक अधिक मागच्या चकत्यांतील फरक. वरील जुन्या रचनेत तो १८ अधिक १४, म्हणजे ३२ येतो. नव्यात शून्य अधिक ३१. डिरेलरच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे दिलेले असतात.

खटका आणि मागचा डिरेलर यांची जोडीही जुळावी लागते. एका खटक्याला किती तार ओढली जाते, हे प्रत्येक पिढीत वेगळे आहे. शिमानोच्या माउंटन बाइक संचांत नऊ गिअरांपर्यंतचे डिरेलर एकमेकांत चालतात. दहा गिअरांपासून तारेचे गणित बदलले. शिमानो आणि स्रॅम यांची सरमिसळ टाळणे श्रेयस्कर. बारा गिअरांसाठी दोन्ही कंपन्यांनी हबचा गाभाच निराळा केला आहे, तेव्हा तेथे पाऊल टाकण्याआधी एकूण खर्च मांडावा.

चेन : स्वस्त भाग, महाग दुर्लक्ष

चेन झिजते म्हणजे लांब होते, आणि लांब झालेली चेन चकत्यांचे दात खाते. झीज मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ती १२ इंच आणि एक-सोळांश इंच, सुमारे ३०६.४ मिलिमीटर झाली की चेन बदलावी. १२ आणि एक-अष्टमांश इंचावर गेली असेल तर मागच्या चकत्याही बहुधा गेलेल्या असतात. नवी चेन त्यांवरून घसरते. चेनची रुंदीही गिअरांच्या संख्येनुसार बदलते : आठ गिअरांची सुमारे ७.१ मिलिमीटर, तर बारा गिअरांची सुमारे ५.३. म्हणून ‘चेन द्या’ एवढे म्हणून भागत नाही.

वंगणाची निवड हवेवर ठरते. बडोद्याच्या कोरड्या धुळीत घट्ट तेल लावले की त्यावर धूळ बसून सहाणेसारखे काम करते. तेथे सुकणारे, पातळ वंगण बरे. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात पातळ वंगण पहिल्याच सरीत वाहून जाते. तेथे ओल्या हवेसाठीचे चिकट तेल लावावे आणि वरचे जादा तेल फडक्याने पुसून काढावे.

फोर्क : सर्वांत शेवटी

पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग हे माउंटन बाइकचे सर्वांत दर्शनी अंग, आणि म्हणूनच तेच प्रथम बदलण्याचा मोह होतो. स्वस्त सायकलींतील स्प्रिंगचा फोर्क अनेकदा दोन किलोहून जड असतो आणि उसळी रोखण्याची सोय त्यात नसते. तरीही तो बदलणे सोपे नाही. जुन्या चौकटींत फोर्कची वरची नळी सरळ, २८.६ मिलिमीटरची असते; नव्या फोर्कची नळी खाली रुंदावत दीड इंचाची होते. अरुंद चौकटीत असा फोर्क बसत नाही. उलट, रुंद चौकटीत सरळ नळीचा फोर्क योग्य कडे वापरून बसवता येतो.

लांबीचाही प्रश्न असतो. फोर्क २० मिलिमीटरने उंच झाला की पुढच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने ढळतो. सायकल उतारावर स्थिर वाटते, पण चढावर पुढचे चाक उचलू लागते आणि गर्दीत वळायला जड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उंच फोर्कमुळे चौकटीच्या पुढच्या सांध्यावर ताण वाढतो. म्हणून मूळ फोर्कएवढ्याच लांबीचा फोर्क घ्यावा. केवळ शहरात चालवणाऱ्याने स्प्रिंग नसलेला, तेवढ्याच उंचीचा साधा चिमटा लावला तर सायकल हलकी होते आणि देखभालही कमी होते.

बसवताना आणि बसवल्यानंतर

प्रत्येक आट्याला ग्रीस लावूनच बोल्ट बसवावा. ब्रेकची डिस्क आणि पॅड यांना मात्र ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये. हँडलचे बोल्ट साधारणपणे ५ ते ६ न्यूटन-मीटर, तर कॅसेटचे कडे ४० न्यूटन-मीटर इतके आवळतात. भागावर कोरलेला आकडा वेगळा असल्यास तोच पाळावा. जोर मोजणारा पाना महाग असला तरी एका तुटलेल्या हँडलपेक्षा स्वस्त पडतो. सीटच्या दांड्यावरील किमान खोलीची खूण चौकटीच्या आत राहिलीच पाहिजे.

किनाऱ्यालगत खाऱ्या हवेची भर पडते. पोलादी चौकटीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षभर न हलवता ठेवला तर दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात आणि दांडा कापूनच काढावा लागतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तो बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावा.

नवे ब्रेक लावल्यावर थेट घाटात जाऊ नये. मोकळ्या, सपाट जागी मध्यम वेगावरून वीस-पंचवीस वेळा सायकल सावकाश मंदावावी. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत आणि चाकाचा आउट निघाला आहे का, तेही पाहावे.

कुठे थांबावे

भाग बदलण्याचा खर्च सायकलच्या सध्याच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ लागला तर नवीन सायकलचा विचार करावा. संपूर्ण सायकलमध्ये मिळणारे भाग सुटे घेतल्यास जवळजवळ नेहमीच महाग पडतात. चौकटीला तडा असेल, तर तिच्यावर कोणताही नवा भाग बसवण्यात अर्थ नाही.

त्या मर्यादेच्या आत मात्र क्रम साधा आहे : आधी सीट आणि हँडल शरीराला जुळवावेत, मग टायर, मग ब्रेक, मग चेन व गिअर, त्यानंतर चाके आणि शेवटी फोर्क. एका वेळी एकच बदल करावा आणि आठवडाभर चालवून पाहावे. एकदम चार भाग बदलले तर कुरकुर कोणत्या भागाची, हे कळत नाही. काढलेला जुना भाग चालू स्थितीत असेल तर माप लिहून ठेवून द्यावा. ऐन पावसाळ्यात नवा भाग मिळेपर्यंत सायकल रस्त्यावर ठेवण्याचे काम बहुतेक वेळा तोच करतो.